शेव्हेल गाडी व तिचे इंजिन एकत्र आणण्याबाबत

मी, खाली सही करणारा व्हर्नन आल्बर्ट टिलॉटसन, वय वर्षे शहात्तर, राहणार ओवोसो, मिशिगन, कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसशॉपमधला निवृत्त फोरमन, माझ्यामागे कोणाची ओढाताण होऊ नये म्हणून हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप मात्र ठिकाणावर नाही. ती पुढच्या महिन्यात बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काळजीचे कारण नाही, आणि त्याच दमात त्यांनी विचारले की मृत्युपत्र केले आहे का. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लोरेनला, म्हणजे माझ्या पत्नीला विचारा. इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही तो आणता आलेला नाही.

कलम पहिले. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि खाली ज्याची वेगळी व्यवस्था नाही असे सगळे काही लोरेनला मिळावे. तिच्यामागे ते आमची मुलगी जोलीन हिला जावे. थंडीला कंटाळून जोलीन टक्सनला राहायला गेली तेव्हा मी तिला नाजूक म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतो, कारण आता माझेही गुडघे तिच्याच बाजूने बोलतात.

कलम दुसरे. गॅरेजमधली हत्यारांची लाल पेटी शेजारी गस फोर्टियर याला द्यावी. पेटीत एका पान्याची जागा रिकामी दिसेल. तो पाना गसनेच नेलेला आहे, तेव्हा पेटी घरी गेल्यावर त्याने तो जागच्या जागी ठेवावा.

कलम तिसरे. जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. तिथल्या परीक्षकाने माझ्या गाडीचे बॉनेट उघडले, आतली इंजिनाची रिकामी जागा पाहिली आणि तो चारचौघांत म्हणाला, "आजोबा, यात झेंडू लावा, छान येतील." त्याला काहीही देऊ नये. माझ्या दफनाला आला तर सँडविच मात्र द्यावे.

कलम चौथे. यासाठीच खरे तर लिहायला बसलो.

गॅरेजात उभी असलेली हिरवी शेव्हेल, एकोणसत्तर सालची, माझे सासरे स्टॅन व्रोना यांनी कोरी करकरीत घेतली होती. ते मृत्युपत्र न करताच गेले. 'बघू पुढे' हा त्यांचा आवडता शब्द होता, आणि पुढे ते आम्हाला बघावे लागले. गाडी त्यांच्या कोठारात गंजत पडली होती. लोरेनचा धाकटा भाऊ ड्वेन आणि मी ठरवले की दोघांनी मिळून ती पुन्हा उभी करायची. सांगाडा मी न्यावा, इंजिन त्याने.

या गाड्यांच्या इंजिनावर पुढच्या बाजूला, अगदी वरच्या कडेला, कारखान्यात नंबर ठोकलेला असतो. तो गाडीच्या नंबराशी जुळला, तर इंजिन जन्मापासूनचे. न जुळला, तर आमच्या मंडळींच्या लेखी गाडी अर्धीच उरते. ड्वेनने इंजिनाची वरची बाजू सपाट करायला एका कारागिराकडे दिली, आणि नंबर तिथेच असतो हे सांगायचे राहून गेले. मशीनने धातूचा पापुद्रा काढला, त्यात नंबरही गेला. ड्वेन ते मोठ्या आनंदाने दाखवायला आला, नारिंगी रंग लावून, आरशासारखे चकचकीत करून. मी त्या जागेवरून बोट फिरवले. त्या रविवारी ईस्टरचे जेवण आमच्याकडे होते. सगळ्यांच्या देखत मी त्याला म्हणालो, "तू तुझ्या बापाचं नाव तासून टाकलंस." त्याने काटा ताटात ठेवला, कोट घेतला आणि तो निघून गेला. तेव्हापासून त्याने आमच्या घरात पाऊल टाकलेले नाही.

मी माझे काम चालू ठेवले. एकेक बोल्ट मूळचा शोधून आणला. दाराच्या खालच्या कडेला कारखान्यातून रंगाचा एक ओघळ आला होता, नवा रंग देताना तोही जसाच्या तसा पुन्हा उमटवला. ड्वेनने काय करावे? इंजिन लोखंडी घोडीवर बसवले, शेजारी पेट्रोलचा डबा टांगला, आणि दर वसंतात स्वतःच्या घरासमोर आणून तो ते सुरू करतो. दोन गल्ल्या पलीकडून आवाज येतो. लोरेन हात पुसते, स्वयंपाकघराची खिडकी उघडते आणि इंजिन बंद होईपर्यंत तिथेच उभी राहते. मी रेडिओ मोठा करतो. या वर्षी केला नाही.

खिडकी लावताना ती म्हणाली, "माझ्या बापाची गाडी तुम्ही दोन घरांत वाटून ठेवलीत. मला तिच्यात बसून तळ्यापर्यंत जायचंय, व्हर्न. तुमच्यापैकी कुणाला तरी पुरून झाल्यावर नाही."

ती बरोबर होती.

म्हणून ही शेव्हेल मी माझा मेहुणा ड्वेन व्रोना याला देतो. अटी अशा: तिच्यात त्याच्याकडचेच इंजिन बसवावे, नंबर असो वा नसो. पहिली फेरी लोरेनला घेऊन तळ्यापर्यंत मारावी. दारावरचा ओघळ घासू नये. नंबराबाबत माझे मत होते तेच आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीदार दोन लागतात. ते आणण्याचे काम लोरेनने अंगावर घेतले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ती आयरीन प्रुइट बाईंना घेऊन आली, ज्यांची नोकरी कोर्टात झाली; आणि त्यांच्यामागून ड्वेन आला. त्याचे केस पार पांढरे झाले आहेत. आधी त्याने गाडी पाहिली, खाली वाकून ओघळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने कलम चौथे उभ्या उभ्या दोनदा वाचले.

प्रुइट बाईंनी त्याला अडवले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, त्यांच्या वेळी कोर्टात अशाने त्याचा वाटा टिकत नसे, असे त्यांनी समजावले.

"म्हणजे मी सही केली तर गाडी मला नाही?"

"बहुधा नाही."

"मग पेन द्या."

मी म्हणालो, "अरे, नीट वाचलंस का? गाडी तुला दिलीय."

"वाचलं," ड्वेन म्हणाला. "तू मेल्यावर इंजिन बसवायचं म्हणतोस. तेव्हा माझ्या चुका कोण काढणार?"

आणि त्याने सही केली. मग म्हणाला की इंजिन बाहेर पिकअपमध्ये आहे, बर्फ वितळवायला रस्त्यावर गाड्या गंजवणारे मीठ टाकतात त्याला अजून काही आठवडे आहेत, आणि मला जड उचलायची बंदी असल्याचे लोरेनने सांगितले आहे, तेव्हा मी खुर्चीत बसून शिव्या घालाव्यात.

सबब कलम चौथे मी रद्द करतो. गाडी, इंजिनासह, घराबरोबर लोरेनला मिळेल. हे लिहिताना मला रडू आले, त्यावरून माझी शुद्ध हरपली होती असा अर्थ कोणी काढू नये.

लिहून ठेवणार: व्हर्नन आल्बर्ट टिलॉटसन

आमच्या समक्ष सही झाली:
१. आयरीन प्रुइट
२. ड्वेन स्टॅनली व्रोना, मेहुणा

ओवोसो, मिशिगन, राहत्या घराचे गॅरेज
दि. १४ ऑक्टोबर २०२३