अकराव्या रांगेतली सीट

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळून आठवडा झाला. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इथलं सगळं ठीक, म्हणजे छत गळत नाही आणि गुडघा दुखतो. तिकिटांच्या आमच्या ऑफिसात पाच खुर्च्यांपैकी आता माझी एकटीचीच भरलेली असते. लोक तिकिटं मोबाइलवर काढतात. तरी एखादं म्हातारं जोडपं येतं, "डोंगर दिसतील अशी खिडकी द्या हो" म्हणतं, आणि मला अजूनही हुरूप येतो. उन्हाची बाजू टाळायची, नाहीतर काचेवर नुसती चकाकी. पंखावर बसायचं नाही. पंखाच्या मागे इंजिनाच्या गरम हवेने सगळं थरथरतं, म्हणून पुढचीच रांग बरी. एकवीस वर्षं हे दुसऱ्यांना सांगत आले. स्वतः विमानात एकदाही बसले नाही, यावर तुझे विनोदही करून झालेत.

आपल्या अण्णांचं मात्र वेगळं होतं. चौतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत मान मोडून त्यांनी त्या बर्फाळ डोंगररांगेच्या रेषा ओढल्या. शिखरांच्या उंच्या तोंडपाठ, पण पाहिलं ते कागदावरच. तुझ्याकडे यायचं ठरलं तेव्हा तुझ्या लेकीपेक्षा त्यांना वाटेत विमानातून दिसणाऱ्या त्या डोंगरांचंच अप्रूप जास्त होतं. आता सांगायला हरकत नाही. रोज मला विचारायचे, "डावीकडेच ना गं, नक्की?"

तिकीट मी काढणार होते. तू म्हणालास, मी काढलंय, डावीकडची खिडकी आहे, मुलगा आहे मी त्यांचा. सीटचा नंबर ऐकला आणि मी विमानातल्या जागांचा तक्ता उघडला. त्या विमानात अकराव्या रांगेला डावीकडे खिडकीच नसते. आतून हवेची नळी जाते, म्हणून सलग भिंत. मी तुला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तू म्हणालास, "काउंटरवर बसून बसून तू वैमानिक झालीस काय ताई? खिडकी म्हणजे खिडकी." आणि ठेवून दिलास. मग अण्णांनाच सांगितलं, आत गेल्यावर कुणाला तरी विनंती करून सीट बदलून घ्या. ते म्हणाले, बघू.

दोन महिन्यांनी परत आले. शेजारीपाजारी जमले. अण्णांनी एकेक शिखर, एकेक खिंड डोळ्यांपुढे उभी केली. तुलाही तिकडे हेच ऐकवलं असणार. लोक माना डोलावत होते. चहा देता देता मी ऐकत होते. ते शिखरं सांगत होते कचेरीतल्या नकाशांच्या अनुक्रमाने. तिकडे जाताना विमानातून तो क्रम नेमका उलटा दिसतो.

सगळे गेल्यावर मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "भिंत होती गं. पांढरी, प्लास्टिकची. साडेचार तास." येताना तर अंधारच होता. सीट बदलून का नाही मागितलीत, म्हटलं. "पोराने हौसेने काढलेली. परक्या माणसाला काय सांगू, माझ्या मुलाला कळलं नाही म्हणून?" आणि तुला यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून.

त्याच वर्षी ते गेले. तू तिसऱ्या दिवशी पोचलास आणि आल्यागेल्याला सांगत राहिलास, "निदान त्यांची एक इच्छा तरी मी पुरी केली." मी पाहुण्यांचे कप विसळत राहिले. चार वर्षं वचन पाळतेच आहे.

आणि आता तुझा निरोप: सासरे येताहेत, त्यांनाही डोंगरांची फार आवड, अण्णांना मिळाली होती अगदी तीच सीट त्यांना काढून दे. तीच! दोन दिवस मी तिकिटाला हात लावला नाही. मग कामाला बसले. त्या बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलंय? सातवी रांग, डावी बाजू, सकाळचं विमान. तिकीट सोबत आहे. ते पोचले की काय काय दिसलं ते तुला सांगतील. निमूट ऐकून घे, मध्ये तोंड घालू नकोस. अण्णांना दिलेला शब्द मी आज मोडला. तू दुखावला जाऊ नयेस म्हणून त्यांनी तो घेतला होता. मला तुला दुखवायचंच होतं.

तुझीच, अजून तरी,
ताई