कुमार अर्जुन यांच्या मातोश्री

३ फेब्रुवारी १९७४, सातारा
शूटिंग दुपारीच पॅक-अप. बैल बिचकला. मी बिचकलो असं युनिटमध्ये कोणीतरी पसरवलंय.

सेक्रेटरी हंबीरराव सांगलीहून आला. २४ तारखेला सांगलीत माझा जाहीर सत्कार. पंचविसावं पिक्चर! कमिटीनं पत्रकंही वाटून टाकली : 'लोकांचा लाडका लेक कुमार अर्जुन आणि त्यांच्या कष्टाळू मातोश्री राहीबाई यांचा भव्य सत्कार.' पुण्याचं मासिक कव्हरवर मायलेकांचा फोटो छापणार.

हंबीररावानं विचारलं, आईसाहेब येणार ना? म्हणालो, येणार म्हणजे काय, आईच ती. त्यानं पत्रकाची घडी घातली, उलगडली, परत घातली. त्याला कागद चुरगळायची वाईट खोड आहे.

आई तीन वर्षं माझ्याशी बोललेली नाही, हे खरं. पण ते भांडण नव्हे. तिला सवड नसते.

५ फेब्रुवारी, सातारा
एकदा शांतपणे लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

तीन वर्षांपूर्वी एका मुलाखतीत मी म्हणालो होतो की वडील दारू पिऊन मारायचे, आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची, मी उपाशीपोटी शाळा शिकलो. आता खरं म्हणजे वडील पलटणीत हवालदार, सुपारीचंही व्यसन नाही. घरचा ऊस, विहिरीला बारमाही पाणी. पण बागायतदाराच्या पोराला बघून पब्लिक रडत नाही! प्रोड्यूसर म्हणाला, बॅकग्राउंड पाहिजे. मी दिलं. तेव्हापासून बायका थिएटरात पदर भिजवतात. नाव आईचंच मोठं झालं. हे तिला कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

मुलाखत गावी, कुंडलमध्ये, पारावर कोणीतरी मोठ्यानं वाचली म्हणे. त्यानंतर वडील पारावर जाईनात. वर्षभरात वारले. वयानं वारले. धाकट्या भावाचं, नानासोचं, म्हणणं वेगळं आहे, पण नानासो डॉक्टर नाही.

मातीला जाता आलं नाही. शेड्यूल.

९ फेब्रुवारी, सांगली
हंबीररावाला पैठणी देऊन कुंडलला पाठवला. संध्याकाळी परत आला, पैठणीसकट. आई त्याला म्हणाली, "आवं, जरीचं लुगडं नेसून खुरपायला कसं जायाचं? लोकं हसतील की."

हंबीररावाला विनोद कळला नाही. मला कळला. आई थट्टा करते म्हणजे राग उतरला. आता स्वतः जाणार. रडायचं नाही. रडलोच तर थोडंच.

१२ फेब्रुवारी, सांगली
कुंडलला जाऊन आलो. गाडी नम्रतेनं गावाबाहेरच ठेवली.

नानासो उसाला पाणी पाजत होता. मान वर न करता म्हणाला, "कोन पायजे?" अरे मी, म्हटलं. "हितं दारुड्याचा ल्योक कोन ऱ्हात न्हाई. म्होरल्या गावात इचारा." लहानपणापासून तापट.

आई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. पाया पडलो. तिनं पाय मागे घेतले नाहीत. पण बोलली ती मागनं आलेल्या नानासोशी. "त्येला सांग, येती म्हनावं मी. पर तितं समद्या लोकांत त्यानं बोलाय पायजे. माजा बा दारूच्या थेंबाला शिवला न्हवता म्हनून. येवढंच. दुसरं काय नको मला."

म्हणालो, सांगतो की! अगदी पहिल्याच वाक्यात सांगतो. नानासो माझ्याकडं रोखून बघत राहिला.

आई येणार. लोक उगाच राईचा पर्वत करत होते.

१५ फेब्रुवारी, सांगली
भाषण लिहिलं. पहिलं वाक्य जरा जड वाटतंय. शेवटी घ्यावं का?

प्रोड्यूसरचा ट्रंक कॉल. नवं पिक्चर माझ्याच जीवनावर बेतलंय, पोस्टरं लागली : 'दारुड्याच्या घरी जन्मलेला हिरा'. म्हणाला, एवढं रिलीज होईपर्यंत बापाला सुधारू नका, हात जोडतो. त्याचंही बरोबर आहे. ज्या पब्लिकनं प्रेम दिलं, त्याला एकदम सांगायचं की तुम्ही फुकट रडलात?

मधला मार्ग सापडला : 'माझे वडील मनानं निर्मळ होते.' यात सगळं येतं.

सौ. म्हणाली, "'दारू पीत नव्हते' एवढं म्हणायला असे किती शब्द लागतात हो?" तिला पिक्चरची लाइन कळत नाही.

२३ फेब्रुवारी
आई आणि नानासो उद्या एस.टी.नं येणार. गाडी पाठवतो म्हटलं तर नको.

आरशासमोर आईनं सांगितलेल्या वाक्याची रिहर्सल केली. 'थेंबाला' पर्यंत येतो आणि आवाज बसतो. डॉक्टर म्हणाले घशाला काही झालेलं नाही. डॉक्टर नवा आहे.

२४ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. सांगणार. सरळ, स्पष्ट. इमेज गेली खड्ड्यात, बाप एकच असतो.

२५ फेब्रुवारी
काल लिहिणं झालं नाही.

हॉल तुडुंब. आई स्टेजवर माझ्या शेजारच्या खुर्चीत, नऊवारी नीट चापूनचोपून, नजर समोर. अध्यक्षांनी शाल, नारळ दिला. मग मी उठलो. समोर बायका पदर हातात घेऊन तयारच बसलेल्या. तोंड उघडलं आणि आलं ते जुनंच : "ज्या माउलीनं दुसऱ्याच्या बांधावर खुरपून..."

सवय! दुसरं काही नाही. वडिलांवर मी येणारच होतो.

आई उठली. पब्लिकला वाटलं मला जवळ घेणार. फोटोग्राफर पळत पुढं आला. तिनं माइक हातानं आपल्याकडं वळवला.

"राम राम. माजा मालक पलटनीत हवालदार हुता. त्येनं कंदी दारू पेली न्हाई. पोरांवर हात टाकला न्हाई. मी कुनाच्या बांधाला खुरपाय गेली न्हाई. गेली असती तर सांगाय लाजली नसती. ह्यो सांगतोय त्यो बाप कुनाचा, मला ठावं न्हाई."

शाल, नारळ खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या उतरली. बायकांचे पदर हातातल्या हातात राहिले. प्रोड्यूसर पहिल्या रांगेत पांढराफटक. हंबीरराव माझ्याकडं बघतोय. घाम मानेवरून सदऱ्यात. काहीतरी बोलणं भाग होतं.

आणि कसं सुचलं देव जाणे. म्हणालो, "पाहिलंत? मेलेल्या नवऱ्याची अब्रू आजही पदराखाली झाकणारी ही माझी माउली!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. बायका हुंदके देऊन रडल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले.

आई दारापर्यंत पोचली होती. थांबली. वळली नाही. नानासोनं तिचा दंड धरला आणि बाहेर नेलं.

प्रसंगावधान म्हणतात ते हेच. हंबीरराव आज कामाला आलेला नाही. ताप असेल.

१७ मार्च, सांगली
मासिक आलं. कव्हर झकास : आई माइकवर, मागं मी हात जोडून. प्रोड्यूसर खूश. नवं पिक्चर साताऱ्यात हाउसफुल्ल.

कव्हर घेऊन कुंडलला गेलो. म्हटलं, गैरसमज राहायला नको. नानासो भांडेल म्हणून तयारीत होतो. भांडला नाही. दार उघडून बाजूला झाला, "या" म्हणाला. आईनं सोप्यात नवं घोंगडं अंथरलं. तांब्याभर पाणी ठेवलं. चहा कपबशीतून दिला. तिच्या आवाजात राग औषधालाही नव्हता.

"बसा. लांबनं आलासा. घ्या चा, निवल."

मी कव्हर पुढं केलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, बघितलं, दोन्ही हातांनी परत दिलं. पाहुण्याला काहीतरी विचारायला हवं म्हणून तिनंच विचारलं, "तुमची आई बरी हाय न्हवं?"

बरी आहे, म्हणालो.

चहा चांगला होता.