तळ उघडा ठेवलेला दिवा

बाई, तुमची करमाळ्याला बदली झाली त्यानंतर आपली भेट झाली नाही, आणि तुम्ही वारल्याचं मला कितीतरी वर्षांनी एका वर्गमैत्रिणीकडून कळलं. आज घड्या घालून बोटं फार दुखायला लागली म्हणून कागद बाजूला सारले आणि हे पत्र लिहायला बसले. दिवाळी जवळ आली की दुकानदार माझ्या कागदी दिव्यांसाठी घाई करतात. पूर्वी ती घाई आवडायची. आता नुसता शीण येतो.

सोलापुरात आमच्या मुलींच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात. एकदा तुम्ही हातकागदाचे चौकोनी तुकडे वाटलेत. ही जपानी पद्धत आहे, म्हणालात. प्रत्येक तुकड्याला सारखी घडी घालायची, एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत सरकवायचं, म्हणजे डिंकाशिवाय बल्बभोवती टांगायचा गोल दिवा उभा राहतो. माझा सगळ्यांत आधी झाला. घरी आईबरोबर विड्या वळून माझी बोटं सरावलेली होती. पण तुम्ही कौतुक केलं नाही. एक घडी सोडवून म्हणालात, "घाई दिसतेय यात. पुन्हा घाल." मला तुमचा फार राग आला होता.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. वडिलांचा माग बंद पडला आणि आईनं मला शाळेतून काढलं. आठवडाभरानं संध्याकाळी तुम्ही आमच्या खोलीच्या दारात उभ्या. आई मांडीवरच्या सुपात तेंदूची पानं घेऊन बसलेली, हात थांबत नाहीत. पोरगी हुशार आहे, तिला पाठवा, असं तुम्ही सांगता. आई मान वर न करता विचारते, "बाई, कागदाच्या घड्या घालून पोट भरतंय व्हय?"

"नाही भरत," तुम्ही म्हणालात, आणि खाली बसलात.

पिशवीतून तुम्ही माझा वर्गात राहिलेला दिवा काढला आणि आमच्या उघड्या बल्बला लावला. खोली एकदम मऊ दिसायला लागली. आईनं मात्र डोळे बारीक केले. "छान हाय की. पण मला पान दिसंना." मी शरमेनं भिंतीकडे बघत राहिले. तुम्ही दिवा उतरवलात, तळाचे तुकडे काढलेत, कडा पुन्हा एकमेकींत बसवल्यात आणि परत टांगलात. आता उजेड सरळ सुपात पडत होता, पण डोळ्यांवर येत नव्हता. आईनं चार-दोन विड्या वळून पाहिल्या. मग आमच्या घरच्या तेलुगूत मला चहा ठेवायला सांगितलं, आणि तुम्हाला म्हणाली, "सकाळची शाळा आसंल तर जाऊ दे तिला. दुपारी मला हितं लागती."

तुम्ही हेडबाईंना सांगून मला सकाळच्या वर्गात घातलंत. मी मॅट्रिक झाले. दिवे करण्याचा धंदा पुढे कित्येक वर्षांनी सुरू झाला, तेव्हा आईही माझ्याबरोबर घड्या घालायला बसायची.

आता माझ्याकडे तीन-चार बायका कामाला येतात. काल त्यांच्यातल्या नव्या मुलीनं विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला? आमच्या बाईंनी, म्हटलं. नाव काय त्यांचं, म्हणाली. मी आडनाव सांगितलं आणि पुढचा कागद घडीला घेतला. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हालाच सांगते: तुमचं स्वतःचं नाव मला कधी माहीतच नव्हतं.