पिकअपचे छप्पर आणि वरची चार बोटे

मंगळवार, कोजागिरी होऊन चार दिवस

आंधळगाव मुक्कामी वर्गबंधू, परममित्र आणि (पुढे योगायोगाने) मेहुणे झालेले यादोराव यांस भैय्यालालचा ताठ उभे राहून नमस्कार. वाकून केला असता, पण वाकण्याविषयी अलीकडे माझे मत फार प्रतिकूल झाले आहे. का, ते पुढे येईलच.

इकडे सर्व क्षेम आहे. तुमची प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी रीत म्हणून विचारत नाही, मला उत्तर हवे आहे. मागच्या उन्हाळ्यात राइस मिलच्या काट्यावर तुम्ही गमतीने उभे राहिलात, तेव्हा काटा सव्वा क्विंटलवर जाऊन थांबला होता. त्यात काही घट तर नाही ना? चंद्रभागावहिनींनी तुमचा रात्रीचा भात बंद केल्याची बातमी कानावर आली आणि मला दोन घास कमी गेले. धानाच्या जिल्ह्यात जन्मून माणसाने रात्री भात खाऊ नये, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? वहिनींना माझा निरोप द्या की देवाने जे दिले ते राखावे. दोन्ही चिरंजीव तुमच्या वळणावर गेले आहेत, त्यांनाही जपावे. पळायला वगैरे पाठवू नये.

फोन न करता पत्र लिहितो, याचे कारण कवितेचे आहे. चौथीच्या पुस्तकातली ती ढगाची कविता आठवते ना? मधुकरराव गुरुजी खिडकीपाशी उभे राहून म्हणायचे आणि आपण दोघे मागच्या तट्ट्यावर बसून (तुम्ही डबा खात, मी डोळे मिटून) ऐकायचो. तिच्या दुसऱ्या कडव्यातली तिसरी ओळ मला पंधरा दिवसांपासून आठवत नाही. पहिली दुसरी येते, चौथी धावत येते, तिसरी मात्र वर्गाबाहेर उभी. आठवली तर कळवा. पत्राचे काम खरे म्हणजे एवढेच, बाकीचे आपले ओघाने लिहितो.

तर आमच्या पोराने, कमलेशने, पिकअप घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. रोज सकाळी आमच्या आणि शेजाऱ्यांच्या वाडीतली वांगी, फुलकोबी, मुळे भरून तो भंडाऱ्याच्या बाजारात नेतो. गाडीचा डाला, म्हणजे मागचा हौदा, उघडा असल्यामुळे माल पावसात भिजतो, उन्हात कोमेजतो, आणि बाजारातले लोक अशा वांग्याकडे बघतात जसे गुरुजी माझ्या गणिताकडे बघत. तेव्हा डाल्यावर छप्पर घ्यायचे ठरले, आणि टिकाऊ छप्पर कोणते हे ठरवायचे काम मी आपणहून अंगावर घेतले. (कोणी देत नव्हते.) तीन आठवडे मी जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक पिकअपचे छप्पर टिचकी मारून पाहिले. दोन गाडीवाल्यांनी शिव्या दिल्या, एकाने चहा पाजला. तीन प्रकार निघाले. पहिला ताडपत्रीचा: पाइपाच्या कमानी, वरून ताडपत्री, दोरीने आवळलेली. स्वस्त खरी, पण उन्हाळाभर तापली की पहिल्याच वादळात पापडासारखी जाते. दुसरा फायबरचा, दिसायला नवरदेवासारखा. वरठीच्या प्रवीणकडे तो आहे. त्याने गाडी आंब्याखाली लावली आणि वरून एक वानर उतरले. छपराला हातभर तडा गेला, वानराला काही झाले नाही. टिकाऊपणा कोणात असतो हे त्या दिवशी कळले, पण वानर बसवून घेता येत नाही. तिसरा लोखंडी: चौकोनी पाइपाचा सांगाडा, वर पत्रा, काठाला दुमडलेला म्हणजे पाणी आत शिरत नाही आणि हात कापत नाही. आधी रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. उतार मागच्या बाजूला. दोन्ही अंगांना गुंडाळता येणारी ताडपत्री, म्हणजे भाजीला वारा लागतो. मी तिसरा निवडला. या निवडीत आजही मला कोणी चूक दाखवू शकणार नाही.

शहापूरला हायवेवर गोपीचंद वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडे आम्ही गेलो. माणूस कसबी, पण मनाने भित्रा. म्हणाला, "आबाजी, नटबोल्टवर बसवू द्या जी. उद्या काढाचं काम पडलं तं?" मी विचारले, घराचे छप्पर कोणी नटबोल्टवर बसवते का? आमच्या रस्त्यांवर नट आज आहे तर उद्या नाही. पूर्ण वेल्डिंग कर. त्याने केली. यादोराव, अशी वेल्डिंग केली की डाला कुठे संपतो आणि छप्पर कुठे सुरू होते, हे आता गाडीलाही आठवत नसेल.

मग उंचीचा प्रश्न आला. कमलेश म्हणत होता तीन फूट पुरे. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो बोलत बाहेर गेला, आणि मी खिशातली सुतळी काढून गोपीचंदच्या हातात ठेवली. तिला एक गाठ मारलेली होती. गाठीपर्यंत उंची घे, म्हटले. त्याने सुतळी पाहिली, मला पाहिले. "आबाजी, यात काय उंट नेता का जी?" कमलेश परत आला तेव्हा पाइप कापून झाले होते.

आता ती सुतळी काय होती, हे फक्त तुम्हाला सांगतो. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या जत्रेला, तुमच्या गावच्या मंडईला, आम्ही शेअर ऑटोत आलो होतो. मागच्या बाजूला सहा जण, तुमची बहीण शकुन सगळ्यांत मागे, मान गुडघ्यात. तुमच्याकडची मंडई झाली, रात्रीचे दंडारीचे नाटक झाले, घरी आल्यावर ती म्हणाली, "अजी, आता वाकून बसून कुठं जाणं माह्याच्यानं होत नाही." तेव्हापासून तीन मंडया गेल्या, ती माहेरी आलेली नाही. मला आपली ती जुनी रेंगी आठवते. बुरुडाने विणलेल्या तट्ट्याचे गोल छत, खाली तणसीवर घोंगडी, आणि लग्नानंतर तिला पहिल्यांदा घेऊन येताना तुम्ही बैल हाकत होता. तिने मान एकदाही वाकवली नव्हती. (उलट मीच वाकून बसलो होतो, पण ती वेगळी गोष्ट.) म्हणून ती दारात उभी असताना मी चौकटीवर तिच्या अंबाड्यापर्यंत खडूची खूण केली, सुतळीने मोजली, आणि वर चार बोटे वाढवली. हवेसाठी. माणसाच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा असावी. यावर मला दोन ओळीही सुचल्या:

छत असावे ऐसे की मान कुणाची न वाकावी,
सरीने दार वाजवावे, आत गोष्ट रंगावी.

छप्पर घेऊन घरी येताना कमलेशने अंगणासाठी सिमेंटची वीस पोती टाकली. वरठीच्या अलीकडे आमचा रस्ता रेल्वेरुळाखालून जातो, आणि तिथे उंच गाड्या अडवायला लोखंडी आडवा दांडा लावलेला आहे. त्याखालून आम्ही असे आलो जसा सुईतून दोरा. दुसऱ्या दिवशी भाजी गच्च भरून गेलो, तेही तसेच. बाजारात माल उतरवला, आणि परतताना मी हौसेने मागे रिकाम्या पोत्यांवर बसलो. डोळा लागत होता. तेवढ्यात डोक्यावर "टण्ण" असा मोठा आवाज झाला. खरे सांगतो, मला वाटले शाळा सुटली.

कमलेश खाली उतरला. "बाबूजी, सकाळी तं इथूनच गेलो ना आपण?"

गेलो, म्हटले.

"मंग दांडा खाली आला का?"

दांडा जिथल्या तिथे होता. गाडी वर आली होती. माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि गाडी बसते, माल उतरला की ती पुन्हा उठते. (माणसाचेही तसेच आहे, जेवून बसलेला आणि उपाशी बसलेला कधी सारखा बसतो का?) कमलेशने बोटांनी मोजले. बरोबर चार बोटे जास्त होती. ती चार बोटे कोणती हे मला माहीत होते, पण मी आभाळाकडे पाहत राहिलो.

फाटकावरून फिरून जायचे तर तासभराचा फेरा पडतो. चाकांतली हवा सोडून पाहिली, गाडी निघाली, पण पुढे पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत जाता जाता एक ट्यूब गेली. तिसऱ्या दिवशी दांड्यापाशी उभे असताना स्टीलच्या कारखान्यातली पाळी सुटली आणि सोमाजी दिसला. (हा आमच्या गावचा, कारखान्यात भट्टीवर असतो.) त्याने सारे पाहिले आणि म्हणाला, "आमी बसतो ना जी अंदर!" मोटारसायकली कडेला लावून आठ जण मागे चढले, गाडी अदबीने खाली बसली आणि दांड्याखालून सरकली. पलीकडे उतरून ते आपापल्या मोटारसायकली आणायला चालत परत गेले. अशी माणसे अजून आहेत, यादोराव.

आणि तिथेच मला या छपराचा आणखी एक गुण कळला. आत आवाज फार सुंदर घुमतो. समोर आठ माणसे, डोक्यावर पत्रा, बाजूच्या ताडपत्र्या सोडलेल्या, मागची फळी बंद. असा श्रोतृवर्ग गुरुजींनाही मिळाला नसेल. मी ढगाची कविता सुरू केली. पूल संपला तरी दुसरे कडवे राहिले होते, म्हणून कमलेशला गाडी थांबवायला लावली. तिसरी ओळ आठवेना, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून घेतली. दुसऱ्या दिवशी पाच जण आले. त्याच्या पुढच्या दिवशी दोन. परवा सोमाजी आम्हाला पाहताच मोटारसायकल न थांबवता लांबूनच ओरडला, "आबाजी, ड्युटी बदलली जी!" त्याच्या हँडलला डबा लटकला होता आणि तो रोजच्याच वेळी घरी चालला होता, पण कारखान्यांत पाळ्यांचे असेच असते, आपल्याला त्यातले कळत नाही.

शेवटी काल रात्री जेवताना कमलेश बोलला. म्हणाला, इतवारी गोपीचंद गॅसकटर घेऊन येतो, छप्पर दोन फूट खाली घेऊ. "भाजीले उभं राहाचं काम नाही, बाबूजी." पोराचे चुकत नाही. रोजचा तासाचा फेरा त्याला परवडत नाही. पण दोन फूट खाली घेतले की यंदाची मंडईही गेली. शकुन पानावर भात वाढत होती. मी भातात वरण कालवत राहिलो. सुतळीचे घरात कोणालाच सांगितलेले नाही.

असो. तुम्ही बऱ्याच दिवसांत आला नाहीत. शनिवारी सकाळी या, चंद्रभागावहिनींना आणा, दोन्ही चिरंजीवांना आणा. एकाही माणसाला घरी ठेवू नका. चार दिवस राहा. मासोळी आणतो, नवा तांदूळ निघतो आहे. दोघे मिळून ती ओळ शोधू.

आपला,
भैय्यालाल

ता. क. शनिवारी बाजारात जाताना आणि येताना तुम्ही चौघांनी गाडीत मागे बसायचे आहे. मी हिशेब केला आहे. सोमाजीची आठ हडकुळी माणसे म्हणजे तुम्ही चौघे, भात बंद केलेला नसेल तर. कमलेशला दाखवायचे एवढेच की पाहुणे असले की छप्पर दांड्याखालून जाते. पाहुणे मंडईपर्यंत राहिले तर उत्तमच.

दुसरी ता. क. कविता म्हणणार नाही. (ओळ आठवली तर मात्र सांगता येत नाही.)

तिसरी ता. क. आहेर म्हणून काही आणायचेच असेल तर तांदळाचे दोन कट्टे, म्हणजे भरलेली पोती, आणा. तुमच्याजवळच ठेवा.

(याखाली दुसऱ्या अक्षरात)

भाऊ, हे पत्र डाकेत टाकाले माह्याजवळ देलं, तं मी सुनेकडून, दीपमालाकडून, वाचून घेतली. आता तिच्याच हातानं लिहवून राहिली. येतानी गाडी रिकामी कायले आनता, सिमेंटचे पोते होते तवा कुठं लागला होता दांडा, गावातल्या साऱ्या म्हशीईले ढेप लागते ते भंडाऱ्याहून भरून आन, असं मी आज सकाळी कमलेशले म्हनली. त्यानं गोपीचंदले येऊ नको म्हणून फोन केला. यायले, तुह्या मित्राले, अजून सांगितलं नाही. दोन दिवस विचार करू दे, विचार करतानी यायले जेवन चांगलं जाते.

तू येजो, वहिनीले आनजो. पन मान्सासारखा येजो, कट्ट्यासारखा नको.

मंडईले मी येतो. समोरच बसून येईन, खिडकीजवळ, मागं धक्के लागतेत. पन काल दुपारी गाडी अंगणात उभी होती, घरी कोनी नव्हतं, तं मी मागं चढून उभी राहून पाहिली. डोकं लागत नाही. वरतं चार बोटं उरते.

यायले सांगजो नको.