बाबांच्या गिअरबॉक्सचं तेल

३ मार्च, सोमवार
गाडी पुन्हा झटके द्यायला लागली! गिअर बदलताना आधी इंजिन नुसतंच घुमतं, मग गिअर धाडकन पकडतो. तेल बदलल्यापासूनच. आणि 'सगळ्यात नवं, सगळ्यात भारी टाका' असं मेकॅनिकला छातीठोकपणे सांगणारी कोण? मीच! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथे गिअरबॉक्स.

पक्षाघातानंतर बाबांचा डावा पाय क्लच दाबू शकत नाही. ही ऑटोमॅटिक गेली की त्यांचं चालवणं संपलं. दादा म्हणतो, "किती दिवस ते धूड सांभाळणार? रविवारी गिऱ्हाईक येतंय." बाबा एवढंच म्हणाले, "विका." पुढे अर्धा तास पेपरचं एकच पान.

५ मार्च
मेकॅनिक म्हणे, "ताई, तेल ते तेल. लाल आहे ना? मग झालं!" भांडून आले.

६ मार्च
कोणतं तेल लागतं ते बघायला गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक गाडीत शोधून दमले. बाबा खिडकीतून ओरडले, "तेल मोजायची पट्टी पूस आधी!" वर्षानुवर्षांचा चिकटा घासला. मुठीजवळ कोरलेली अक्षरं — तेलाचा प्रकार! काखेत कळसा नि गावाला वळसा.

"ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं टाकलं होतंस…"

लाज वाटली. रडूही आलं.

७ मार्च
अक्षरं कागदावर लिहून चार दुकानं पालथी घातली. तो प्रकार आता बनतच नाही! चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी चष्मा कपाळावर चढवून एका डब्याची मागची बाजू वाचली. त्या जुन्या प्रकाराऐवजी चालेल, असं स्पष्ट छापलेलं. म्हणाले, "सगळ्या गाड्यांना चालतं, असलं काही घेऊ नकोस बाळ. तुझी अक्षरं ज्यावर असतील तेच घे." घेतलं. पिशवी मांडीवर धरून घरी आले.

८ मार्च, शनिवार
मेकॅनिकनं तोंड वाकडं केलं, पण काम केलं. एकदा काढून सगळं तेल निघत नाही, म्हणून तीनदा काढलं-भरलं, मध्ये एकेक फेरी. पातळी बघायची ती इंजिन तापलेलं आणि चालू असताना — हेही आजच कळलं. शेवटच्या फेरीत गिअर कधी बदलला समजलंच नाही! मेकॅनिक म्हणाला, "च्यायला!" मला तर नाचावंसं वाटलं.

बाबांना सांगितलं. "बरं," म्हणाले. आणि झोपायला गेले.

९ मार्च, रविवार
अकराला गिऱ्हाईक आलं. गाडी जागेवर नाही! बाबाही नाहीत. घाबरून फोन लावला.

"चालवतोय. ठेव."