मोहाचा हंगाम आणि उजवा डोळा

८ फेब्रुवारी
आज पुन्हा. पहाटे जाग आली, डोळा उघडला आणि उजव्या बुबुळावरून कुणी पातं ओढल्यासारखं झालं. पाणी थांबेना. चुलीपर्यंत भिंत चाचपत गेले. दिवाळीनंतर धान कापताना ह्याच डोळ्याला धानाचं पातं लागलं होतं, ते तर आठ दिवसांत बरं झालं होतं. मग हे काय? ही तिसरी वेळ.
सरूबाईकडे गेले. गावात कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की ती जिभेच्या टोकाने काढते. पापणी उलटून तिने जीभ फिरवली. "काहीच नाई लागत वो जिभेले." म्हटलं, "पाहा अजून, टोचून राह्यलं." तिने अजून पाहिलं. दुपारपर्यंत डोळा सुजून बंद.

११ फेब्रु.
चंद्रपूर. मारोती भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, गाडीवर नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाच्या. पिवळा थेंब टाकला, निळ्या उजेडात पाहिलं.
"कुसळ नाही मावशी. जखम जुनीच आहे. वरची पातळ साल नीट चिकटलीच नाही. झोपेत डोळा कोरडा होतो, पापणी सालीला धरते. तुम्ही डोळा उघडला की साल निघते."
मी सरूबाईचं सांगितलं. त्यांचा हात थांबला. "जिभेनं?" हो. "तीनदा?" हो. "आता चौथ्यांदा नका जाऊ."
म्हणजे नवी साल धरू लागली की मीच जाऊन पुसून घेत होते. एवढं वाचते, आणि हे.
रात्री मिठाचा मलम, दिवसा थेंब. सकाळी डोळा लगेच उघडायचा नाही. मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा, थांबायचं, मग सावकाश उघडायचा. चोळायचं नाही. बरं वाटलं तरी काही महिने सोडायचं नाही. तरीही फाटत राहिला तर बुबुळावर पट्टीसारखी पातळ काच, लेन्स, बसवतात, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया. तेव्हाचं तेव्हा.

१२ फेब्रु.
सरूबाईला मलम दाखवला. "अवो बाई, डोळ्यात मीठ टाकाले चंद्रपूरले गेली का? माह्याच घरी टाकून देलं असतं." खूप हसलो. मग तिने मलम परत दिला. म्हणाली, "माह्यानं वाढलं का?" म्हटलं, नाई. पूर्ण खरं नाही, पण म्हटलं.

२ मार्च
उ. डोळा शांत. अठरा दिवस झाले.
वाचताना पापणी हलवायचं विसरते, मग कोरडा पडतो. आता ओळ संपली की डोळा मिटते. पान हळू सरतं. पण हळू वाचण्याची सवय जुनीच आहे. किराण्याच्या पुडीच्या कागदावर अक्षरं जुळवत शिकले मी. हे म्हणायचे, "सुमन, मुरमुरे तं सोड आधी, मंग वाच." ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पुडी सोडताना अजून कान मागे जातो.
मलम लावल्यावर रात्री सगळं धुरकट दिसतं, वाचता येत नाही. काल, परवा लावला नाही. बरंच वाटतंय की.

५ मार्च
फाटला. लिहवत नाही. चूक माझी.

१४ मार्च
मोह सुरू झाला, रात्रभर फुलं गळतात. वारा आला की गावभर गोड वास.
आमचं झाड नाल्याच्या वरचं. ह्यांच्या आईने वेचलं, मग ह्यांनी आणि मी, तीन हंगाम एकटी मी. कागद नाही कसला. उजाडायच्या आत झाडाखाली जो माणूस उभा, त्याचं झाड, एवढंच. एक हंगाम कुणी उभं राहिलं नाही आणि दुसऱ्याने वेचलं तर झाड त्याचं, गाव काही बोलत नाही.
उजाडायच्या आत माझा डोळा उघडत नाही. उघडावा तर सोलवटतो.
भाऊजी येऊन गेले. उभ्याउभ्याच बोलले. "वयनी, यंदा तुमच्यानं होत नसन तं आमी येचतो. झाड घरातच राह्यते ना." वाईट माणूस नाही. पण एकदा दिलं की परत मागणार कशी?
"पाहू," म्हटलं.

१६ मार्च
चारला उठले. थेंब टाकून वाट पाहिली नाही, बायका पुढे जाऊन राहिल्या होत्या आणि वाघामुळे एकटीने जाता येत नाही. अर्ध्या वाटेत डोळा सुजून बंद. सरूबाईच्या पदराला धरून झाडापर्यंत. पूर्वी खालचा पाला जाळायचो, म्हणजे फुलं दिसायची. यंदा ग्रामसभेने आग बंद केली. बरंच केलं, धूर मला सोसला नसता. पण पाला झाडताना धूळ उडाली. टोपली अर्धी. बाकीचं गुरांनी खाल्लं.
घरी येऊन आडवी पडले. वर आढ्याला ह्यांचं झिंग्यांचं जाळं. बारीक विणीचं. तलावातून शेवटचं आणलं तसंच टांगलेलं, काढायची हिंमत झाली नव्हती. एका डोळ्याने बराच वेळ पाहत राहिले.
गुरांच्या तोंडाच्या वर बांधलं तर? फुलं रात्रभर त्यातच पडतील. मी आठला गेले तरी...

१८ मार्च
बांधलं. सरूबाईने दोर ओढले. जाळ्याला ह्यांच्या गाठी आहेत, दुहेरी, मला सुटत नाहीत. तशाच ठेवून बांधलं.
बायका थांबून पाहत होत्या. "मोहाले मासे लागले का वो, सुमनबाई?"
"लागन तं तुले देईन एक."

१९ मार्च
जाग पाचला. डोळा मिटूनच थेंब. पडून राहिले. बाहेर पावलं, टोपल्या, गप्पा, मग सगळं दूर गेलं. सावकाश उघडला. ओला, शांत.
आठला ऊन असताना गेले. जाळं पोटासारखं लोंबलेलं. दोन टोपल्या, मातीचा कण नाही.

२६ मार्च
जाऊ निर्मला, भाऊजींची बायको, विहिरीवर सगळ्यांसमोर बोलली. "जाळं उभं राह्यलं म्हंजे माणूस उभा राह्यला का?"
 खरं तर तिचं चूक नाही. उभं राहायचं असतं.
ग्रामसभेत निवाडा करणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं, जाळं चालतं का. ते म्हणाले, "असं कधी झालंच नाई. हंगाम सरू दे बाई, मंग बसू."
उ. डोळा शांत. मलम रोज.

४ एप्रिल
झाडाला लाल पालवी फुटली, फुलं विरळ.
पहाटे डोळा जरासा चिकटला. अजून उघडला नव्हता, तोच दारातून भाऊजींची हाक. "वयनी! गुरं शिरली होती नाल्यावर. जाळ्याचा दोर तुटला. मी जाऊन उभा राह्यतो तिथी, या तुमी."
 उजाडायच्या आत झाडाखाली ते उभे राहणार. राखायला की घ्यायला, आवाजावरून कळेना. धावत सुटावंसं वाटलं. हात पापणीपर्यंत गेला होता. खाली घेतला. थेंब सोडला. मनात शंभर मोजले. उघडला. थोडी टोच, पण साल धरून राहिली.
पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. भाऊजी जाळ्याचं तुटलं टोक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे. उरलेलं एक फूलही सांडू दिलं नव्हतं. 
"किती वेळचे उभे?"
"लय वेळ झाला. तुमचा डोळा उघडे ना लवकर."
टोपली खाली सरकवली. फुलं ओतली. दोर बांधताना त्यांनी खाली मान घालून विचारलं, "पुढच्या साली बी बांधान का वयनी?"
मी म्हटलं, "डोळ्याले इचारून सांगीन."
सोमवारी चंद्रपूर, तपासणी. जाळ्याच्या प्रश्नाची ग्रामसभा त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. कळवून ठेवलंय, मी आठनंतर येईन.