शंकासुराकडून कासवास

चिरंजीव मौनीबाबास,

आत्याचे भरघोस आशीर्वाद. माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत, फक्त वाकत नाहीत. तुझी पाठ कशी आहे? ती मोडकी खुर्ची बदललीस, की अजून तिला उशी बांधूनच जगाचं भलं चाललं आहे? तुझी आई तब्येतीनं बरी आहे. मागे तिनं फोनवर तुला विचारलं होतं, की सुट्टीच्या दिवशीसुद्धा तू त्या कॉम्प्युटरवर फुकट काय बडवत बसतोस, आणि तू म्हणालास, "तुला नाही कळणार." तेव्हापासून वहिनी तुला फक्त जेवलास का एवढंच विचारते. तुझ्या लक्षात आलं नसेल, पण ती ते विसरलेली नाही.

म्हणून मीच पदर खोचला. तू विसरला असशील, पण निवृत्त होईपर्यंत मी वीजबिलांच्या कचेरीत प्रोग्रॅम लिहीत होते. (आमची ती भाषा आता शिलालेखांत जमा झाली म्हणे.) तुझी जावा भाषेतली लायब्ररी (म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यायचा तयार कोड) मी हुडकून काढली. दोन तारखा द्यायच्या, ती वय सांगते. आणि कुणीही यावं, आतला कोड उघडून बघावा, वापरावा, चुका काढाव्यात, सगळं विनामूल्य. तिथे तू 'कासव' या नावानं वावरतोस. मग आम्हीही एक नाव घेतलं. होय बाबा, गेले काही आठवडे तुझं डोकं खाणारा तो 'शंकासुर' म्हणजे आमचंच खातं. आता खुर्चीत सावरून बस आणि पुढचं वाच.

आधी तुझ्या चाचण्या उघडल्या. वय मोजणारा कोड एवढासा, आणि त्याची परीक्षा घेणारा कोड त्याच्या कितीतरी पट! एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला, एकतीस तारखेला जन्मलेला, आजच जन्मलेला, अशा एकेकाची स्वतंत्र विचारपूस. कुणी कोडात एक अक्षर बदललं, की सगळ्यांची हजेरी पुन्हा पहिल्यापासून. अरे, आमच्या काळी चाचणी म्हणजे ग्राहकाची शिवी. बिल छापायचं, पाठवायचं आणि खिडकीवर कोण ओरडत येतो त्याची वाट बघायची. एका न्हाव्याला अख्ख्या गिरणीचं बिल गेलं, तो कात्री घेऊनच कचेरीत आला, तेव्हा कुठे आम्हाला बिघाड कळला. आणि कोड कसा चालतो याचं लेखी काहीच नसे. ते सगळं आमच्या हेडक्लार्कच्या डोक्यात. तो आजारी पडला की त्याच्या खाटेशी बसून दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते विचारून यावं लागे. (एकदा तापाच्या भरात त्यानं भलतीच जागा सांगितली. न्हाव्याचं प्रकरण ते हेच.)

असो. शंकासुराची पहिली तक्रार तुला आठवत असेलच. जुळी भावंडं, एक वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेलं आणि दुसरं पाच मिनिटांनी, म्हणजे नव्या वर्षात. धाकटं जन्मलं तेव्हा थोरल्याचं वय किती, असं तुझ्या लायब्ररीला विचारलं, तर उत्तर आलं उणे एक दिवस. शंकासुरानं पानभर आगपाखड केली. खरं तर तारखा उलट्या घातल्या गेल्या होत्या. मला वाटलं, आता हा कासव बाहेर डोकं काढून कडाडून चावणार. तर तू लिहिलंस, "तारखांचा क्रम आम्ही कुठेच लिहिलेला नाही. वाचणाऱ्याला कळलं नाही, तर चूक लिहिणाऱ्याची." ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

पुढे तू शंकासुरालाच चाचणी लिहायला बसवलंस, आणि अट काय, तर ती आधी नापास झाली पाहिजे! (कोडातली चूक अजून तिथेच आहे, मग चाचणीनं ती पकडायला नको का?) पहिली चाचणी झटक्यात पास झाली म्हणून आम्ही चहा टाकला, तर तू हळूच दाखवून दिलंस की तिच्यात एकच तारीख स्वतःशीच ताडून बघितली आहे. (म्हणजे आपणच पेपर काढायचा आणि आपणच शंभरपैकी शंभर घ्यायचे.) दुसरी नीट नापास झाली, पडद्यावर लाल शेरा आला, आणि तू लिहिलंस, "अभिनंदन." नापास झाल्याबद्दल आमच्या खानदानात बरंच काही मिळालं आहे, पण अभिनंदन हे पहिलंच. मग उलट्या तारखा दारातूनच परत पाठवायच्या असा तू कोड सुधारलास, लायब्ररीच्या माहितीत "पहिली तारीख जन्माची" असं साधं वाक्य घातलंस आणि खाली शंकासुराचे आभार मानलेस. दोन दिवसांनी कुठल्याशा परक्या मुलखातल्या गुरांच्या डॉक्टरानं लिहिलं, की त्या एका वाक्यामुळे त्याच्या गायींची वयं सुलटी झाली. ना ओळख ना देख, तो तिकडे, तू इकडे, आणि मधे एक गाय. मी थक्क झाले रे. तुझा मला इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

तुझी,
आत्या

ता. क. एक सांगायचं राहिलं. शंका माझ्या नव्हत्या. मी नुसती टायपिस्ट. शेजारच्या स्टुलावर मटार सोलत शंका काढणारा शंकासुर म्हणजे तुझी आई. तारखाही तिनंच उलट्या सांगितल्या. मुलाचं काम काय असतं ते कळावं म्हणून अशी एखादी लायब्ररी बघू या, एवढंच मी तिला म्हटलं होतं.

ता. क. २. रविवारी ती तुला फोन करणार आहे. चाचणी म्हणजे काय, ती आधी नापास का व्हावी लागते, हे ती तुला समजावून सांगणार आहे. तालीम चालू आहे. मध्ये बोलू नकोस. मला येतं, असं तर मुळीच म्हणू नकोस.

ता. क. ३. हे लिहू की नको करत होते. परवा तुझं उत्तर वाचून झाल्यावर वहिनी म्हणाली, "या कासवाच्या आईनं त्याला बोलायला किती छान शिकवलंय. मला नाही जमलं." कासव कोण, ते मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग.